घरचा आहेर, पुढे प्रश्नचिन्ह

रोज सकाळी चहाबरोबर मी मोबाईलवर फुटबॉलच्या बातम्या वाचतो आणि रोज सकाळी माझं डोकं फिरतं. बायको म्हणते, वाचू नका. तिचं बरोबर आहे. पण ज्या माणसानं तीस वर्षं नगरच्या एका दैनिकात खेळाचं पान लावलं, त्याची ही खोड निवृत्तीनं जात नाही. परवाच वाचलं, परदेशातल्या कुठल्याशा सामन्यात एका विंगरनं बचावपटूला म्हणे 'जायफळ दिले'. मी कप खाली ठेवला. प्रतिस्पर्ध्याच्या दोन पायांमधून चेंडू काढला की इंग्रजीत त्याला जायफळाचं नाव आहे, हे मला ठाऊक होतं. पण मराठीत आणून त्याचं श्रीखंड करायचं काय कारण होतं? त्याच बातमीत गोलरक्षकानं 'स्वच्छ चादर राखली' होती आणि एक फटका 'लाकूडकामाला लागून' परत आला होता. एकही गोल न खाल्लेल्या माणसाला लाँड्रीत बसवलं आणि गोलपोस्ट सुताराकडं धाडली. खाली कुणाचं नाव नव्हतं. हे माणसानं लिहिलं की यंत्रानं, असं विचारण्यातही आता अर्थ उरला नाही, कारण माणसंही तसंच लिहायला लागली आहेत.

बरं, सामना किती-किती सुटला हे शोधायचं म्हणजे नाकी नऊ येतात. आधी 'असे काही घडले की चाहते हादरले', मग गुडघ्याच्या तेलाची जाहिरात, मग खेळाडूच्या बायकोचा फोटो, मग 'जाणून घ्या सविस्तर', आणि सविस्तर म्हणजे वरचाच मजकूर वाक्यं उलटीपालटी करून. स्कोअर कुठं तरी सातव्या परिच्छेदात अंग चोरून बसलेला असतो. टीव्ही लावावा तर तिथं दोघे जण ओरडत असतात. त्यांना खेळाडूचा पगार ठाऊक असतो, त्याच्या हातावरच्या गोंदणाचा अर्थ ठाऊक असतो, फक्त चेंडू या घटकेला कुणाच्या पायात आहे तेवढं सांगायचं राहून जातं. मी आवाज बंद करून बघतो. मग वाटतं, आपण आयुष्यभर जे काम केलं त्याचा आवाज बंद करायची वेळ आपल्यावरच आली.

मला हे काम शिकवलं ते माझ्या शाळेतल्या खेळाच्या सरांनी. भिंगारच्या बाजूला जे मैदान आहे तिथं दर हिवाळ्यात स्पर्धा व्हायची, अजूनही होते. सर टेबलावर माइक घेऊन बसायचे आणि झाडाला बांधलेल्या कर्ण्यातून त्यांचा आवाज रस्त्यापर्यंत जायचा. मी कॉलेजात असताना त्यांनी मला शेजारी बसवलं आणि पहिल्याच दिवशी सांगितलं, "भिंतीपलीकडं चहाची टपरी आहे. तिथल्या माणसाला मैदान दिसत नाही. तू त्याच्यासाठी बोलायचंस. आधी चेंडू, मग माणूस, मग वेळ. तुझं स्वतःचं काही असेल तर शेवटी, आणि नसेल तर फारच उत्तम." पुढे पेपरात लागलो तेव्हा लिहितानाही मी हेच धरून चाललो. सर गेले आणि माइक माझ्याकडं आला. त्यालाही वीसेक वर्षं झाली.

आता माझं स्वतःचं जे होतं त्याबद्दल. खेळाडूनं चुकून आपल्याच गोलमध्ये चेंडू घातला तर मराठी पेपरांत त्याला 'स्वयंगोल' म्हणायची पद्धत आहे. मला तो शब्द कधीच आवडला नाही. स्वयंपाकाच्या जवळचा काही तरी प्रकार वाटतो. तर एका वर्षी एका बॅकनं असाच गोल केला आणि माझ्या तोंडून माइकवर निघून गेलं, "हा मिळाला घरचा आहेर." आपल्याच माणसानं चारचौघांत आपल्याला सुनावलं की आपण त्याला घरचा आहेर म्हणतो; इथं तर आपल्याच माणसानं गोल दिला होता. मैदानात हशा पिकला. दुसऱ्या दिवशी तोच शब्द मी बातमीतही वापरला. तेव्हापासून असा गोल झाला की लोक माझ्याकडं बघायचे, आता म्हणेल म्हणून. काही जण माझ्याआधीच म्हणायचे. मला त्याचा फार अभिमान होता, खोटं कशाला बोलू. आपल्यामागं आपलं म्हणून काय उरेल, तर नगरच्या मैदानावर हे दोन शब्द उरतील, असं मी बायकोला म्हटल्याचंही मला आठवतं.

पुढे बऱ्याच वर्षांनी ज्या दुसऱ्याच एका माणसाच्या वाट्याला हे दोन शब्द आले तो नागापूरच्या एमआयडीसीत लेथवर काम करायचा. गाव घोडेगावजवळचं. त्याचे वडील तिथल्या जनावरांच्या बाजारात हेडी, म्हणजे बैलांच्या खरेदी-विक्रीत मधे पडणारा माणूस. हा कामासाठी नगरला आला, कामगारांच्या संघात खेळायला लागला आणि दोन-तीन वर्षांत स्टॉपर झाला. स्टॉपर म्हणजे गोलरक्षकाच्या पुढचा शेवटचा माणूस. मी जितके स्टॉपर पाहिले ते सगळे अंगानं खेळणारे. चेंडू जाऊ देतील, माणूस जाऊ देणार नाहीत. हा वेगळाच निघाला. घसरायचा नाही, धक्का द्यायचा नाही. चेंडू कुठं येणार ते त्याला आधी कळायचं आणि तिथं तो दोन पावलं टाकून उभा राहिलेला असायचा. सामना संपला तरी त्याची चड्डी पांढरीच. मैदानातल्या लोकांना त्याच्यात बघण्यासारखं काही वाटायचं नाही, कारण तो काही करतोय असं दिसायचंच नाही. मी माइकवरून ते दाखवायचो. "बघा, तो आधीच तिथं आहे," एवढंच म्हणायचो. हळूहळू लोक बघायला लागले. मला वाटतं, आयुष्यात मी एवढं एक काम नीट केलं असेल.

सामना संपला की तो माझ्या टेबलापाशी यायचा. मला काका म्हणायचा. "काका, पयल्या हाफला जरा पुढं राह्यलो का मी?" असं विचारायचा आणि खरंच राहिलेला असायचा. घरी काय म्हणतात, असं मी एकदा विचारलं. तो म्हणाला, "आमच्या बापाला फुटबॉल म्हंजी काय ते म्हाईत न्हाई. तिकडं कुस्ती आन् बैल. पन तुमी पेपरात लिवलं हुतं ना मागं, ते कात्रण खिशात घिऊन फिरतोय बाजारात." पेपरातलं माझं पान बंद होण्याआधीची ती शेवटची काही वर्षं होती.

दोन वर्षांपूर्वीच्या स्पर्धेत त्यांचा संघ अंतिम सामन्यात पोचला. आता स्पर्धा युट्यूबवर थेट दाखवतात. कॅमेरा एकच, आवाज माझा. दोन्हीकडं एकेक गोल, शेवटची दहा मिनिटं. डावीकडून कॉर्नर आला. चेंडू वाऱ्यानं थोडा आत वळला. हा नेहमीसारखा आधीच जागेवर होता. पण यावेळी उडी आधी झाली आणि कपाळाऐवजी चेंडू डोक्याच्या मागच्या बाजूला लागून आपल्याच जाळ्यात गेला. तो गुडघ्यावर बसला. लोकांनी माझ्याकडं बघितलं आणि मी म्हणालो, "स्टॉपरकडून घरचा आहेर." मैदान हसलं. सामना तिथंच गेला. नंतर तो टेबलापाशी आला, माझा हात हातात घेतला आणि म्हणाला, "उडी लवकर झाली, काका." मी म्हणालो, वारा होता. त्यानं मान हलवली आणि तो गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा व्हॉट्सअॅपवर एक फोटो आला आणि खाली एक ओळ, "काका, हे काय हाय?" फोटो एका पोर्टलवरच्या बातमीचा होता. मथळा असा: 'आहेर घेऊन स्वतःच्याच संघावर गोल? नगरच्या मैदानावर नेमकं काय घडलं, जाणून घ्या'. खाली याचा गुडघ्यावर बसलेला फोटो, डोक्याला हात लावलेला. मजकुरात होतं, 'अंतिम सामन्यात बचावपटूने आहेर स्वीकारल्याचा उल्लेख थेट समालोचनातच झाल्याने क्रीडाप्रेमींमध्ये उलटसुलट चर्चांना उधाण आले आहे.' मी तीनदा वाचलं. माझे दोन शब्द मला ओळखू आले नाहीत. मग ओळखू आले.

प्रकार असा झाला होता. ही पोर्टलं युट्यूबवरचं बोलणं एका सॉफ्टवेअरला ऐकवतात. ते त्याचं टिपण करतं, टिपणाची बातमी करतं, बातमीला मथळा देतं. 'घरचा' त्याला नीट ऐकू आला नसेल, किंवा आला आणि कळला नसेल. आहेर मात्र कळला. आहेर म्हणजे देण्याघेण्याची वस्तू. कुणी तरी दिला असणार, कुणी तरी घेतला असणार. इतक्या शहाणपणानं त्या यंत्रानं एका माणसाला सामना विकायला लावला.

मी पोर्टलला फोन केला. एका मुलीनं उचलला. मी सगळं समजावून सांगितलं.

ती म्हणाली, "सर, पण आम्ही घेतला असं म्हटलेलंच नाही. प्रश्नचिन्ह आहे ना."

"तुम्ही प्रश्न कुणाला विचारलाय?"

"वाचकांना."

"वाचकांना कसं माहिती असणार?"

"म्हणूनच तर ते क्लिक करतात ना, सर."

ती उद्धट नव्हती. मला जे कळत नाही ते शांतपणे समजावत होती. मी म्हणालो, मला अर्थ माहिती आहे, कारण तो शब्दच माझा आहे. घरचा आहेर म्हणजे स्वयंगोल, तेवढी दुरुस्ती करा. ती म्हणाली, करते. तासाभरानं दुरुस्ती झाली. मी उघडून बघितलं. मथळा बदलला होता: 'बचावपटू आहेर यांचा स्वयंगोल ठरला निर्णायक'. आहेर हे आपल्याकडचं आडनाव आहे, हे त्या यंत्राला कुठून तरी ठाऊक होतं. एवढ्या एका बाबतीत ते नगरचं निघालं. ज्या माणसाचं आडनाव वेगळंच आहे त्याचं मी दुरुस्ती करून आहेर केलं.

आणि जुना मथळा लोकांच्या मोबाईलवर होताच. त्याच्या वर्कशॉपमध्ये आधीच्या बातमीचा फोटो फिरत होता, आता तिला नावही मिळालं. "ए आहेर, चहा घेतो का?" पहिल्या दिवशी सगळे हसले, तोही हसला. मग तेच नाव पडलं. शिफ्टच्या यादीत त्याच्या नावापुढं कुणी तरी पेनानं कंसात ते लिहिलं. संघातले सगळे त्याच्याच बाजूचे, पण बाजूचे म्हणजे कसे, तर "आपल्याला म्हाईत हाय रे, तू तसला न्हाई," असं रोज कुणी ना कुणी त्याच्या खांद्यावर हात ठेवून सांगायचं. रोज सांगावं लागतंय म्हणजे रोज विषय निघतोय, एवढं कळायला काही फार लागत नाही.

मी सावेडीत त्या पोर्टलच्या ऑफिसात गेलो. मोबाईलच्या दुकानावर एक खोली, तीन टेबलं. फोनवरची मुलगी तिथं होती. सव्वीस-सत्तावीसची असेल. एम.ए. मराठी केलेली. सोन्याचा भाव, राशिभविष्य, अपघात आणि खेळ असं सगळं तिच्या एकटीकडं. मैदानावर ती कधी गेली नव्हती आणि जायला तिला वेळही नव्हता. मी तयारीनं गेलो होतो, पण तिच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं बघून माझा अर्धा राग तिथंच उतरला.

मी विचारलं, "तुम्ही मराठी शिकलात. घरचा आहेर म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

"ठाऊक आहे की, सर."

"मग हे कसं जाऊ दिलंत?"

"मी वाचलंच नव्हतं ते. ते थेट वर जातं. तक्रार आली की आम्ही वाचतो."

तिनं हे लाजून किंवा घाबरून सांगितलं असतं तर मला बरं वाटलं असतं. ती नुसतं सांगत होती. आमच्या दैनिकात मुद्रितशोधक होते, उपसंपादक होते, आणि तरी चुका व्हायच्या. एकदा मी एका धावपटूला बक्षिसाऐवजी बकरी दिली होती. पण छापलेलं निदान कुणी तरी वाचलेलं असायचं. इथं लिहिणारं कुणी नाही, तपासणारं कुणी नाही आणि वाचणाऱ्यानंही मथळ्यापुढं जायचं नाही, तरी एका माणसाची अब्रू जाते. मी कुणाशी भांडायला आलो होतो तेच मला समजेना.

शेवटी तिनं माझ्यासमोर बातमी काढून टाकली. मी आभार मानले. हा दुसरा मूर्खपणा. दोनच दिवसांत फेसबुक-व्हॉट्सअॅपवर सगळीकडं एकच सूर सुरू झाला: बातमी काढायला लावली, म्हणजे पाणी मुरतंय. कुणी तरी लिहिलं, 'वरून दबाव आला वाटतं'. वर कोण, तर सायकलवर ऑफिसात गेलेला मी.

मग मी मला जे येतं ते केलं. लिहायला बसलो. वारा कुठून होता, कॉर्नर कसा वळला, उडी कशी आधी झाली, स्टॉपर म्हणून तो वर्षभर कसा खेळला आणि 'घरचा आहेर' हा शब्द या मैदानावर कधीपासून आहे, सगळं लिहिलं. नऊशे शब्द झाले. बऱ्याच दिवसांनी मनासारखं उतरलं होतं. माझ्या जुन्या दैनिकात गेलो. तिथं आता खेळाचं पान नाही, शेवटच्या पानावर जाहिरातीखाली अर्धा कॉलम आहे. ते म्हणाले, ऐंशी शब्दांत द्या. मी त्या मुलीला विचारलं. ती तयार होती, पण मथळा त्यांचा असणार होता, आणि तो तिनं तिथल्या तिथं सुचवलाही: ''त्या' आहेरामागचं सत्य अखेर समोर'. मी लेख परत घेतला आणि फेसबुकवर टाकला. माझ्या वयाच्या चौदा जणांनी हात जोडले. एकानं न वाचताच वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या.

पुढच्या हिवाळ्यात संघांच्या याद्या आल्या तेव्हा त्याचं नाव नव्हतं. मी नागापूरला त्याच्या खोलीवर गेलो. रविवारची दुपार होती, तो कपडे धूत होता. मला बघून त्यानं हात पुसले, खुर्ची दिली. पाय दुखावलाय का, असं मी विचारलं.

"पाय बराय, काका," तो म्हणाला. "सरावाला गेल्तो की दोन महिनं. पन जमंना. चेंडू येतोय तवा मला आधी कळायचं ना, ते आजून बी कळतंय. पन पाय उचलंना. मनात येतंय, चुकलं तर?"

"चुकतं रे सगळ्यांचं."

"त्यांचं चुकलं तर चुकलं. माझं चुकलं की लोक म्हनत्यात, या येळेला किती आला आहेर. मला चुकायची सोयच राह्यली न्हाई. आन् स्टॉपरचं न चुकता कसं भागंल?"

तो खरं बोलत होता. शेवटच्या माणसाला जर चुकायची परवानगी नसेल तर तो हलणारच नाही. त्याच्यासारखा, आधीच जागेवर उभा राहणारा खेळाडू तर मुळीच नाही, कारण त्याचा सगळा खेळ अंदाजावर. मी म्हणालो, एक वर्ष थांब, लोक विसरतील. तो म्हणाला, लोकांचं जाऊ द्या. आणि मग म्हणाला, "बाप बोलत न्हाई त्याच्यावर. आधी फोनवर इचारायचा, मॅच कवा हाय. आता नावच काढत न्हाई. बाजारात त्याला लोक म्हनले आसतील. त्याचा धंदा समदा शबुदावर हाय, काका. त्याला वाटत आसंल, म्या घेतलं."

"तू सांगितलं नाहीस?"

"काय सांगू? म्या चोर न्हाई, आसं बापाला सांगायचं व्हय?"

परत येताना माझ्या मनानं घेतलं, की एवढं एक काम आपल्या हातात आहे. सगळ्या जगाला समजावणं जमलं नाही, एका माणसाला तर समजावता येईल. शब्द माझा, तो मी वापरला, त्याचा अर्थ मी सांगेन. बापाचं मन साफ झालं की पोराचा पाय उचलेल. बायकोनं विचारलं, तुम्ही जाऊन काय करणार? मी म्हणालो, दुरुस्ती.

बाजाराच्या दिवशी मी एसटीनं घोडेगावला गेलो. बैलांची दावण लांबच लांब, धूळ, टेम्पोतून उतरणारी जनावरं. तीन जणांना विचारल्यावर ते सापडले. साठीचे, उंच, मुलासारखेच सरळ उभे राहणारे. एका गिऱ्हाइकाशी त्यांचा सौदा चालला होता. दोघांचे हात एका उपरण्याखाली होते आणि बोटांवर भाव चालला होता, तोंडानं कुणी काही बोलत नव्हतं. इथं असंच चालतं. बोट दाबलं की शब्द दिला. मी बाजूला उभा राहिलो. सौदा मोडला. मग मी पुढं होऊन कोण ते सांगितलं.

"व्हय, तुमचं नाव ऐकलंय," ते म्हणाले. "बसा, पाव्हणं." आम्ही एका टेम्पोच्या सावलीत बसलो. त्यांनी चहा सांगितला.

मी सुरुवात केली. माइकवर मी काय म्हणालो, का म्हणालो, यंत्रानं काय ऐकलं, मथळा कसा झाला, दुरुस्तीत आडनाव कसं बदललं, बातमी काढल्यावर काय झालं, सगळं क्रमानं सांगितलं. चहा आला, तो त्यांनी माझ्या हातात दिला. मी शेवटी म्हणालो, "तुमच्या मुलानं कुणाकडून काही घेतलेलं नाही. तुम्ही मनात काही ठेवू नका."

"म्या कशाला ठिवू?" ते म्हणाले. "माझं पोरगं हाय ते. घेतलं आसंल आसं येका घडीला बी माझ्या मनात आलं न्हाई. आन् घरचा आहेर म्हंजी काय ते मला बी कळतंय. आमी बी म्हनतोच की."

माझं ओझं उतरल्यासारखं झालं. मी म्हणालो, "मग त्याच्याशी बोला ना तसं. त्याला वाटतं, तुम्हाला संशय आहे. तुम्ही मॅचचं विचारत नाही म्हणून."

"म्या इचारत न्हाई, कारन त्याचं त्वांड उतरतंय." त्यांनी कप खाली ठेवला. "म्या त्यो खेळ पाह्यला, पाव्हणं. शेजारच्याच्या मोबाईलवर. कदी पाह्यला नव्हता, म्हनून समदा पाह्यला. कळलं काय न्हाई. पन पोरगं खाली बसलं, ते कळलं. आन् लोक हसली. लोकांचं काय, ती हसत्यातच. पन माइकात तुमी बी हसत हुता."

"मी हसलो नाही," मी म्हणालो. "लोक हसले. मी फक्त ते दोन शब्द म्हणालो."

ते वाद घालणारे नव्हते. उठले, धोतर झटकलं. नवं गिऱ्हाईक समोर येऊन थांबलं होतं. जाता जाता अगदी हळू, राग नसलेल्या आवाजात म्हणाले, "त्या बातमीवाल्यांला माझं पोरगं म्हाईत न्हाई. त्यांला काय म्हनायचं? तुमाला म्हाईत हुतं."

मी स्टँडवर येऊन बसलो. एसटीला अवकाश होता. त्या अंतिम सामन्यापासून मी पोर्टलची ती बातमी शंभरदा वाचली होती, पण सामन्याचा आमचा व्हिडिओ एकदाही लावला नव्हता. स्वतःचा आवाज कशाला ऐकायचा, म्हणून. मोबाईल काढला, व्हिडिओ कॉर्नर जिथं येतो तिथं नेला आणि आवाज मोठा करून बघू लागलो. चेंडू जाळ्यात जायच्या आधीच माझं हसू सुरू झालेलं होतं. 'स्टॉपरकडून' हा शब्द मी हसू दाबत म्हटला होता आणि 'घरचा आहेर' म्हटल्यावर ते सोडून दिलं होतं, मोकळं, मोठ्यानं. लोक माझ्यानंतर हसले होते.